फाझिल साय यांचं 'कारा तोप्राक': तारांवर हात, सभागृहाची परवानगी आणि पुढचा रस्ता

सरगम_ठाणे

एका विद्यार्थिनीसाठी विचारतेय. वय १७, पियानोची आठवी ग्रेड झालेली. दोन महिन्यांनी होणाऱ्या कार्यक्रमात तिला तुर्की पियानिस्ट-संगीतकार फाझिल साय यांचं 'कारा तोप्राक' (ओपस ८, १९९७) वाजवायचंय. तुर्की लोकगायक आशिक वेयसेल यांच्या गाण्यावरची ही पियानो-रचना. यात सुरुवातीला आणि शेवटी डावा हात पियानोच्या आत तारांवर असतो आणि उजवा पट्ट्यांवर.

१) डावा हात नेमका कुठे ठेवायचा? व्हिडिओत कॅमेरा बाजूला असल्याने काही कळत नाही. सभागृहात ग्रँड (आडव्या तारांचा) आहे, घरी अपराइट (उभ्या तारांचा).
२) सभागृहवाले तारांना हात लावू देत नाहीत. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे का?
३) तिला पुढे वाजवणं आणि लिहिणं दोन्ही करायचंय. साय यांचं हे कसं जमून आलं? चरित्रं वाचली की पुरस्कारांची यादी मिळते, आधी काय आणि नंतर काय ते समजत नाही.

खर्ज

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

ग्रँडमध्ये वादकाच्या बाजूने बघितलं तर आधी ट्यूनिंग पिना, मग प्रत्येक तार जिच्या भोकातून जाते ती पितळी खुंटी (अ‍ॅग्राफ), मग तारेचा एक उघडा तुकडा आणि त्यानंतर डँपरची (तारेचा आवाज थांबवणाऱ्या मऊ गाद्यांची) रांग. बोट ठेवायचं ते अ‍ॅग्राफ आणि डँपर यांच्यामधल्या या उघड्या तुकड्यावर. मधल्या सप्तकात ही जागा जेमतेम दोन-तीन बोटं रुंद असते, खर्जाकडे वाढत जाते. बोट अ‍ॅग्राफला जवळजवळ चिकटून ठेवलं की मूळ सूर ऐकू येतो, पण लगेच विझतो. साय यांना इथे साझचा (वेयसेल वाजवत ते तुर्की तंतुवाद्य) तुटक आघात हवाय आणि तो असाच निघतो. बोट अ‍ॅग्राफपासून लांब सरकलं की सूर हरवून नुसता ठोका उरतो.

बहुतेकांची गडबड तीन तारांवर होते. मधल्या पट्टीत एका सुराला तीन तारा असतात. बोटाचं टोक उभं ठेवलं तर दोनच दाबल्या जातात आणि तिसरी मोकळी वाजत राहते. ऐकणाऱ्याला वाटतं, दाबलंच नाही. म्हणून बोटाचा मऊ भाग आडवा ठेवायचा आणि तीन तारांवर सारखा दाब द्यायचा. नखं कापलेली हवीत, नाहीतर तार खरखरते.

दाबलेला सूर मोकळ्या सुरापेक्षा बराच लहान येतो. उजव्या हाताने तिथे एक पायरी जोरात वाजवावं लागतं, आणि मोकळा सूर आला की लगेच मागे यावं लागतं. घरी सराव करताना हा फरक कळतच नाही, कारण तिथे तारा दाबलेल्याच नसतात.

उजवं पेडल दाबलेलं असेल तर सगळे डँपर वर जातात आणि दाबलेल्या सुरामागे बाकीच्या तारांची गुंजन उभी राहते. पेडल नसेल तर आवाज कोरडा येतो. दोन्हींचा परिणाम इतका वेगळा आहे की पेडलच्या खुणा छापील प्रतीप्रमाणेच पाळाव्यात.

म्युझिक डेस्क (प्रत ठेवायची फळी) पूर्ण बाहेर काढून ठेवायचा, नुसता आडवा पाडून भागत नाही. म्हणजे पाठांतर आलंच. टॅबलेट आत ठेवायचा विचारसुद्धा नको, घसरला तर तारांवर पडेल. स्टूल नेहमीपेक्षा किंचित उंच घ्या. हात आखूड असेल तर अर्धवट उठूनच वाजवावं लागतं, आणि तसं उठून पेडल धरणं वेगळं शिकावं लागतं.

ट्यूनिंगपिन

खर्ज यांचं बरोबर आहे, पण एक भर घालतो. अ‍ॅग्राफ सगळीकडे नसतात. वरच्या सप्तकांत बहुतेक ग्रँडमध्ये त्यांच्या जागी तारा दाबून धरणारा ओतीव लोखंडाचा आडवा दांडा असतो आणि तिथे बोट घालायला जागाच मिळत नाही. शिवाय लोखंडी चौकटीच्या उभ्या पट्ट्या कोणत्या सुरांच्या मध्ये येतात ते मॉडेलप्रमाणे बदलतं. एका पियानोवर बसवलेली बोटं दुसऱ्यावर या लोखंडी पट्टीला अडतात. म्हणून कार्यक्रमाच्या पियानोचं नाव, मॉडेल आणि लांबी आधी विचारून घ्या आणि त्याच पियानोवर निदान एक तास मागा. खालच्या आडव्या गेलेल्या जाड तारांची काळजी नको. त्या मधल्या तारांवरून जातात ते पलीकडच्या टोकाला. आपण हात घालतो तिथे सगळ्या तारा एका रांगेत उघड्या असतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सभागृहवाल्यांची भीती रास्त आहे. पोलादी तारेला घामातलं मीठ लागलं की गंज धरतो. खर्जाच्या तारांवर तांब्याची वेटोळी असतात, ती काळी पडतात आणि आवाज बोथट होतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत हे आणखी लवकर होतं. पण खरं महाग पडतं ते डँपर हलणं. डँपरचा दांडा बारीक तारेचा असतो. बाहीचं बटण किंवा मनगट अडकून तो वाकला की तो सूर थांबतच नाही, आणि कार्यक्रमाच्या मध्यंतरात ते दुरुस्त होईलच असं नाही.

त्यामुळे परवानगी मागताना 'प्रिपेअर्ड पियानो' हा शब्द वापरू नका. तो ऐकला की लोकांना तारांमध्ये अडकवलेले स्क्रू आणि रबर दिसतात. लेखी कळवा: तारांमध्ये कोणतीही वस्तू घालणार नाही, फक्त स्वच्छ कोरड्या बोटांचा स्पर्श, अमुक इतके सूर, सुरुवात आणि शेवट मिळून अमुक मिनिटं. ट्यूनर हजर राहिला तरी चालेल, हेही लिहा. हे वाचून बरेच जण तयार होतात.

वाजवण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे. क्रीम, सॅनिटायझर काही नाही. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढा, बाह्या कोपरापर्यंत दुमडा. नंतर कोरड्या मायक्रोफायबरने त्या तारा लांबीच्या दिशेने पुसा. ओला कपडा किंवा कसलंही द्रावण लावू नका, ते ओघळून खाली साउंडबोर्डवर (आवाज वाढवणाऱ्या लाकडी फळीवर) जातं.

सूर शोधायला खुणा लागतातच. खडू नको, भुकटी तारांत बसते. मार्करचं नावही काढू नका. सहज निघणाऱ्या चिकट कागदाचे बारीक तुकडे डँपरच्या डोक्यावर लावतात, तेही ट्यूनरला विचारून, आणि कार्यक्रम संपताच काढून. सगळ्या सुरांवर खुणा केल्या तर एकही उपयोगी पडत नाही. दर चार-पाच सुरांनंतर एक पुरे.

दुसरी_ओळ

तिसरा प्रश्न. साय यांच्या बाबतीत क्रमच महत्त्वाचा आहे, म्हणून तारखांसकट लिहिते.

जन्म १९७०, अंकारा. पहिले गुरू मिथत फेनमेन, जे स्वतः पॅरिसमध्ये आल्फ्रेड कोर्तो यांच्याकडे शिकले होते. फेनमेन त्या मुलाला रोज आधी दिवसभरातल्या एखाद्या गोष्टीवर उत्स्फूर्त वाजवायला लावत आणि मगच नेहमीचे अभ्यास. म्हणजे वादन आणि रचना हे दोन विषय म्हणून शिकवलेच गेले नाहीत. पुढे अंकाराच्या सरकारी कॉन्झर्वेटरीत पियानो कामुरान गुंदेमिर यांच्याकडे आणि रचना इल्हान बारान यांच्याकडे. १९८७ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला डेव्हिड लेविन यांच्याकडे, नंतर बर्लिन. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या यंग कॉन्सर्ट आर्टिस्ट्स या निवडचाचणीत यश. तिथे नुसतं पारितोषिक देऊन सोडत नाहीत, निवडलेल्या वादकाला पुढे कार्यक्रम मिळवून देतात. नवख्या वादकाला ट्रॉफीपेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

आता रचनांकडे बघा. १९९३ चं मोत्झार्टवरचं 'आल्ला तुर्का जॅझ' आणि १९९७ चं 'कारा तोप्राक' या दोन्ही काही मिनिटांच्या चिजा. कार्यक्रम मोत्झार्ट-बेटहोवेनच्या नावावर विकला जातो आणि शेवटी एन्कोरला (श्रोत्यांच्या आग्रहाच्या जादा चिजेला) वादक स्वतःचं वाजवतो. आयोजकाचा धोका शून्य, श्रोता मात्र तेच लक्षात ठेवून घरी जातो. मोत्झार्टच्या कन्चेर्तोंमध्ये स्वतःचे काडेन्झा (ऑर्केस्ट्रा थांबतो आणि वादक एकटाच वाजवतो तो भाग) वाजवणं हीसुद्धा तशीच जागा, तीही नेहमीच्या कार्यक्रमाच्या आतच सापडलेली.

मोठी कामं त्यानंतरची. कवी नाझिम हिकमत यांच्यावरचा ऑरटोरिओ (गायक, गायकवृंद आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) २००१ चा. व्हायोलिन कन्चेर्तो २००८ मध्ये पात्रिचिया कोपाचिन्स्काया यांनी लुत्सर्नला पहिल्यांदा वाजवला. पहिली सिंफनी, 'इस्तंबूल', २०१० मध्ये डॉर्टमुंडला झाली, जिथल्या कॉन्सर्टहाउसशी त्यांचं आधीची काही वर्षं निवासी कलाकार म्हणून नातं होतं. निवासी कलाकाराला एका सभागृहात अनेक हंगाम वेगवेगळे कार्यक्रम करायला मिळतात. सभागृहाला त्याचा हात माहीत होतो आणि मगच ते सिंफनीइतकं महागडं काम सोपवतं. वादक म्हणून काम थांबलं नाही हेही बघा: मोत्झार्टचे सगळे सोनाटा २०१६ मध्ये आले, बेटहोवेनचे सगळे २०२० मध्ये.

२०१३ च्या खटल्यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत (ट्विटवरून दहा महिन्यांची स्थगित शिक्षा, २०१६ मध्ये निर्दोष). कारकिर्दीची उभारणी समजून घ्यायला त्याचा फारसा उपयोग नाही.

माझं मत: तिने सिंफनीच्या गोष्टी आत्ता करू नयेत. चार-पाच मिनिटांची, स्वतःला वाजवता येईल अशी रचना लिहावी आणि ती प्रत्येक कार्यक्रमात शेवटी वाजवावी. आणि त्याहून कठीण गोष्ट: ती दुसऱ्या वादकाच्या हातात देऊन बघावी. संगीतकार स्वतः वाजवतो तेव्हा कागदावर न लिहिलेलं बरंच काही बोटांतून येत असतं. दुसऱ्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे लेखनात राहिलेली एक खूण.

सरगम_ठाणे

सगळ्यांचे आभार. डँपरचं कुणीच सांगितलं नव्हतं. आणखी दोन शंका. घरच्या अपराइटवर सराव कसा करायचा? आणि या रचनेला परवानगी-रॉयल्टी वगैरे लागते का? कुणीतरी तिला पीडीएफ पाठवलीये.

मध्यलय

आधी हक्कांचं. पीडीएफ बाजूला ठेवा आणि प्रत विकत घ्या. प्रकाशक माइन्झचे शॉट. साय हयात आहेत, म्हणजे रचना संरक्षित आहेच. मूळ गाणं आशिक वेयसेल यांचं. ते १९७३ मध्ये वारले, आणि भारतात मुदत मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०३३ अखेरपर्यंत.

जाहीर कार्यक्रमाचा परवाना काढायची जबाबदारी आयोजकाची, वादकाची नाही. आपल्याकडे तो आयपीआरएसकडून (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) घेतात. शिक्षणसंस्थेचा कार्यक्रम असेल, वाजवणारे विद्यार्थी किंवा कर्मचारी असतील आणि समोर फक्त विद्यार्थी, पालक, कर्मचारी बसणार असतील, तर कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावलं की ती सूट संपली. कार्यक्रमपत्रिकेत रचनेचं पूर्ण नाव, ओपस क्रमांक आणि संगीतकार नीट छापा. पैसे पुढे कोणाच्या खात्यात जायचे ते त्यावरूनच ठरतं. ही तरुण मुलगी उद्या स्वतः लिहायला लागली तर तिचीही मिळकत याच वाटेने येणार.

त्या मिळकतीचंही सांगतो, कारण 'दुसरी ओळ' यांनी ते सोडलंय. एकट्या पियानोची प्रत दुकानात मिळते. ऑर्केस्ट्राचं साहित्य मात्र बहुधा विकत नसतं, प्रकाशक ते प्रत्येक प्रयोगाला भाड्याने देतो. नव्या कामाचं मानधन वेगळं, सहसा काही करार होताना आणि उरलेलं संहिता पोचल्यावर. दोन-तीन सभागृहं मिळून एकच काम सांगतात तेव्हा खर्च वाटला जातो आणि संगीतकाराला पहिल्या प्रयोगाबरोबरच दुसरा-तिसराही मिळतो. तो मिळणंच अवघड असतं. 'इस्तंबूल'मध्ये ऑर्केस्ट्रासोबत नेय (बासरीसारखं वाद्य) आणि कानून (तंतुवाद्य) आहेत. हे वादक प्रत्येक शहरात मिळत नाहीत, त्यांचा प्रवास आला, आणि नेयचा आवाज ऑर्केस्ट्रापुढे टिकायला माइक आला. साय यांच्या नावावर हे निभतं. नवख्या माणसाने असं लिहिलं तर पहिला प्रयोग होईल आणि काम कपाटात जाईल.

जर्मनीला जायचं असेल तर पियानो आणि रचना हे वेगळे विभाग आहेत, प्रवेशपरीक्षाही वेगळ्या. पियानोला साधारणपणे बारोक, अभिजात सोनाटा, रोमँटिक आणि २० व्या शतकातलं किंवा नंतरचं, बहुतेक पाठ. रचनेला वेगवेगळ्या वाद्यमेळांसाठी लिहिलेल्या काही संहिता. दोन्हीकडे कानाची आणि सिद्धान्ताची परीक्षा, आणि आपल्याकडची मुलं अडतात ती कानाच्या परीक्षेत. स्वरांतरं आणि चार स्वरवाक्यांचं श्रुतलेखन आत्तापासून रोज वीस मिनिटं. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो शुल्क आहे, बऱ्याच राज्यांत फक्त किरकोळ सेमिस्टर-शुल्क असतं.

खर्ज

अपराइटचं: वरचं झाकण उघडून पुढची फळी काढली तर हातोड्यांच्या वर तारांचा थोडा भाग मिळतो. आवाजाचा अंदाज येण्यापुरतं ठीक. पण हात समोरून उभा जातो, ग्रँडमध्ये वरून आडवा. तिथे लागलेली सवय ग्रँडवर उपयोगी पडत नाही, उलट सोडवावी लागते. त्यापेक्षा घरी डावा हात झाकणावर टेकवून फक्त उजवा आणि पेडल पक्कं करावं. हात आतून पट्ट्यांवर परत आणण्याची जागाही नुसत्या हालचालीने, मेट्रोनोम लावून घोटावी. मधला गाण्याचा भाग तिथूनच सुरू होतो आणि घाई हमखास तिथेच होते.

आणि प्रत उघडण्याआधी वेयसेल यांचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकायला सांगा. तुर्कस्तानातल्या सिवासकडच्या खेड्यातला, लहानपणीच दृष्टी गेलेला हा गायक, हातात साझ. साझच्या सात तारा तीन गटांत असतात, पडदे बांधलेले आणि सरकवता येणारे, त्यामुळे आपल्या श्रुतींसारखे मधले सूरही निघतात. पियानोवर ते निघणार नाहीत, साय यांनी तसा प्रयत्नही केलेला नाही. त्यांनी घेतलाय तो तारेवरचा आघात आणि त्यानंतरची शांतता. म्हणून दाबलेल्या सुरांमधले विराम पूर्ण मोजायचे. पाश्चात्त्य शिस्तीत शिकलेली मुलं तिथे लय सैल सोडून भाव आणायला जातात आणि साझ गायब होतं.

ट्यूनिंगपिन

राहिलंच. कार्यक्रमात ही चीज पहिली किंवा मध्यंतरानंतरची पहिली ठेवा. डेस्क काढून ठेवायचा, खुणा लावायच्या, हे लोकांसमोर करावं लागत नाही. पहिली ठेवली तर नंतर डेस्क लावायला आणि तारा पुसायला दोन मिनिटं एका माणसाला आधीच सांगून ठेवा. डेस्क सरळ खोबणीत सरकवायचा. तिरका घातला की अडकतो आणि पॉलिशवर ओरखडा येतो.