मदत हवी आहे: माझगावच्या बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या) बाईंबद्दल

नमस्कार मंडळी. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत साठच्या दशकात शिकलेलं कुणी इथे आहे का? आमच्या शेजारच्या आजी तिथे मराठी शिकवायच्या. नव्वदी ओलांडलीय. मुलं इस्रायलमधल्या अश्दोदला गेली, त्या इथेच राहिल्या. त्यांच्या आठवणी मी त्यांच्याच शब्दांत लिहून काढतेय, आणि आता उशीर करून चालणार नाही.

शाळेची सुरुवात हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये झाली. पुढे रेबेका रूबेन यांनी बरीच वर्षं मुख्याध्यापिका म्हणून ती सांभाळली. हे पुस्तकांत सापडतं. आजींसारख्या बाई मात्र कुठेच सापडत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. शुक्रवारी सूर्यास्ताआधी वह्या तपासून हातावेगळ्या करायच्या, मगच शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा. सुट्टीत बायकांच्या मंडळासाठी दारोदार वर्गणी. कुणाकडे मलिदा (आमच्याकडच्या बेने इस्रायलींचा नवसाचा, आभाराचा विधी) असला की गोड पोह्यांत ओलं खोबरं कालवायला पहिल्या हजर.

तुमच्या घरी वर्गाचे फोटो, शाळेची स्मरणिका, बायबलमधल्या कथांवरच्या मराठी कीर्तनांच्या वह्या असतील तर कृपया कळवा. नुसते मोबाइलवर काढलेले फोटोही चालतील. इस्रायलमधल्या कुणाकडे ‘मायबोली’ या तिथल्या बेने इस्रायलींच्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक आहेत का?