अनुभव धागा : दिलीप प्रभावळकरांची तुमच्या मनात राहिलेली भूमिका

ठाण्यातील आणि खाडीपलीकडच्या काही चित्रपटप्रेमींमध्ये दिलीप प्रभावळकरांना ‘विनोदी अभिनेते’ म्हणावे का, यावर बरीच चर्चा झाली. १९७९ च्या ‘चिमणराव गुंड्याभाऊ’मधला भाबडा चिमणराव ज्यांच्या मनात पक्का बसला आहे, त्यांना ते बिरुद सहज पटते, इतरांना ते अपुरे वाटते. म्हणून ही विनंती : सर्व भूमिकांची यादी न देता एकाच भूमिकेविषयी लिहावे आणि ती आपल्याला का भिडली, हे सांगावे.

नौपाडा, ठाणे
‘झपाटलेला’ (१९९३) मी शाळेत असताना पाहिला. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याची सर्वांना आठवण असते, पण मला खरी भीती वाटली ती बाहुल्यात शिरण्याआधीच्या, हाडामांसाच्या तात्या विंचूची. हाच माणूस चिमणराव होता, हे आईने सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नाही.

कोपरखैरणे, नवी मुंबई
मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते, त्यामुळे ‘चौकट राजा’मधल्या (१९९१) नंदूकडे मी जरा कठोर नजरेने पाहते. बौद्धिक वाढ खुंटलेल्या व्यक्तीची भूमिका करताना नट बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जातात : प्रेक्षकांना हसवण्यासाठी लकबी वाढवतात, नाहीतर सहानुभूतीसाठी तिला देवपण देतात. प्रभावळकरांचा नंदू हट्ट करतो, रुसतो, बालमैत्रीण मुन्नी पुन्हा भेटल्यावर तिच्यावर हक्क सांगतो, आणि त्या हक्कामुळे तिच्या संसारात काय घडते आहे, ते त्याला उमगत नाही. त्याच्या बोलण्याने हसू येते, परंतु त्याची चेष्टा करावीशी वाटत नाही. विनोदाची वेळ अचूक साधणाऱ्या नटालाच हा फरक इतका नेमका राखता येतो, असे माझे ठाम मत आहे. सुलभा देशपांडे यांनी साकारलेल्या आईविषयीही पुष्कळ लिहिता येईल. नंदू इतका खरा वाटण्यात तिचा वाटा मोठा आहे. आमच्या शाळेतील पालकांना मी हा चित्रपट आवर्जून पाहायला सांगते.

पाचपाखाडी, ठाणे
चित्रपटांबद्दल विचारले आहे, तरी ‘हसवाफसवी’चा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गडकरी रंगायतनात मी ते पाहिले. स्वतःच लिहिलेल्या नाटकात ते सहा भूमिका करत. आधीच्या पात्रांनी नाट्यगृह दणाणून सोडल्यावर वृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकर येत आणि तेच प्रेक्षक त्यांचे बोलणे आदराने ऐकत. पुढे चित्रपटांत जे दिसले, त्याची तयारी मला तिथे दिसते.

ऐरोली, नवी मुंबई
माझ्या पिढीला ते ‘लगे रहो मुन्नाभाई’मधून (२००६) कळले. गांधीजींचे पात्र विनोदी चित्रपटात आणणे जोखमीचे होते. जरा आवाज चढला असता तर ते प्रवचन झाले असते, जरा लकब वाढली असती तर नक्कल. ते मुन्नाशी घरातल्या आजोबांसारखे बोलतात, म्हणून त्यांचा सल्ला ऐकावासा वाटतो. ‘शेवरी’ आणि या चित्रपटासाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर मी ‘एन्काउंटर : द किलिंग’ (२००२) शोधून पाहिला. त्यातला पुनाप्पा हा गुंड पाहिल्यापासून, त्यांना केवळ विनोदी अभिनेते म्हणणाऱ्यांना मी आधी तो चित्रपट पाहण्याची विनंती करतो.