‘क्रेडिट’ला मराठीत काय म्हणावे : श्रेय, जमा की पत?

शब्दार्थी :
कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या शेतकऱ्यांवरील एका लेखाचा अनुवाद एका कृषी मासिकासाठी करताना मी एकाच वाक्यापाशी तीन दिवस अडले आहे. त्या शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, सरकार आमच्याकडून कार्बन कर (इंधन जाळून हवेत जाणाऱ्या कार्बनबद्दलचे पैसे) घेते, तर आम्ही जमिनीत जो कार्बन साठवतो त्याचे ‘क्रेडिट’ही सरकारने आम्हाला द्यावे. मी ‘श्रेय’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘पत’ केले. मला ते पटलेले नाही. मागच्या महिन्यात आमच्या गावच्या बैठकीत ‘कर्ब-पत योजना’ असे शीर्षक असलेले पत्रक वाचून दाखवले गेले, तेव्हा शेजारी बसलेल्या काकांचा पहिला प्रश्न होता, “व्याज किती, आणि सातबाऱ्यावर बोजा चढणार का?” पतपेढी, पतपुरवठा, किसान क्रेडिट कार्ड या सगळ्यांतून शेतकऱ्याच्या मनात हा शब्द कर्जाशी घट्ट बांधला गेला आहे. दुसरा कोणता शब्द सुचवाल?

रोजकीर्द :
‘जमा’ हा शब्द घरात असताना आपण बाहेर का शोधतो, हे मला कळत नाही. माझे वडील अडतीवर दिवाणजी होते. त्यांच्या लाल चोपडीत प्रत्येक शेतकऱ्याचे पान असे. माल आला की डावीकडे जमा, उचल घेतली की उजवीकडे नावे, आणि दिवाळीला दोन्ही बाजूंच्या बेरजा समोर ठेवून हिशेब मिटायचा. सस्कॅचेवानचा शेतकरी तेच म्हणतो आहे : माझ्या नावे कर मांडलात, मग साठवलेला कार्बन जमेला का धरत नाही? वाक्य असे करा : ‘साठवलेला कार्बन आमच्या खाती जमा धरा.’ हे कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

काळी माती :
‘जमा’ चांगला आहे, पण नेमके काय जमा होते तेही पाहावे लागेल. माती परीक्षणाच्या अहवालात आपण ‘सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के’ असे वाचतो, तो खरा कर्ब, म्हणजे कार्बन, असतो. कार्बन क्रेडिटमध्ये (हवेत जाऊ न दिलेल्या किंवा हवेतून काढून घेतलेल्या वायूबद्दल मिळणारी, विकता येणारी नोंद) मात्र एक टन कार्बन मोजत नाहीत, एक टन कार्बन डायऑक्साइड मोजतात. कार्बनचा अणुभार १२ आणि त्या वायूचा रेणुभार ४४, म्हणून जमिनीतला एक टन कर्ब म्हणजे सुमारे ३.६७ टन वायू. हेक्टरी वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण २२ लाख किलो माती धरतात. तिच्यात ०.१ टक्का कर्ब वाढला तर ती वाढ सव्वादोन टनांच्या आतबाहेर होते, पण वायूच्या हिशेबात तीच आठ टन ठरते. ज्याने हा फरक शेतकऱ्याला सांगितला नाही, त्याने कोणताही शब्द वापरला तरी गैरसमज होणारच. दुसरे म्हणजे ‘कार्बन साठवणे’ हेही मला खटकते. आपल्याकडे पाणी ‘अडवा’ आणि ‘जिरवा’ म्हणतात; उसाचे पाचट न जाळता खोडव्याच्या सरीत ठेवले की ते हळूहळू कुजते आणि त्यातला काही कर्ब मातीत जिरतो. ‘कर्ब जिरवणे’ म्हणावे.

कोशवाचक :
‘कर्ब’ हा शब्द आपण सगळे निःशंकपणे वापरतो आहोत, तेव्हा एक नोंद करतो. संस्कृतात ‘कर्बुर’ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, चित्रविचित्र रंगांचा. कोळशावरील राखेचे ठिपके पाहून ‘कर्ब’ आला असावा, असे आमचे गुरुजी सांगत.

रोजकीर्द :
गुरुजींविषयी पूर्ण आदर राखून सांगतो की ही व्युत्पत्ती टिकणारी नाही. लॅटिनमधील ‘कार्बो’ म्हणजे कोळसा, त्यावरून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ‘कार्बोन’ केला, आणि आपण त्याला संस्कृताचा पेहराव चढवून ‘कर्ब’ केला. कोशकार डॉ. रघुवीर यांनी घडवलेला ‘प्रांगार’ अधिक शुद्ध होता, पण तो लोकांच्या तोंडी बसला नाही. ‘कर्ब’ टिकला, कारण ‘कर्बोदके’ पाठ्यपुस्तकांतून आणि ‘सेंद्रिय कर्ब’ कृषी खात्याच्या माणसांकडून घराघरांत गेला. शब्द शुद्ध आहे की नाही, यापेक्षा तो कोण बोलतो याला मी अधिक मान देतो.

प्रेअरीवरून :
मी सोळा वर्षे सस्कॅचेवानमधल्या रेजायना शहरात राहते आणि इथल्या शेतकऱ्यांचे हिशेब पाहणे हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. इथे १ एप्रिल २०१९ रोजी कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे २० डॉलरने इंधनावर केंद्राची आकारणी सुरू झाली. ट्रॅक्टरच्या डिझेलला सूट होती, पण ओले धान्य वाळवण्यासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूला आणि प्रोपेनला नव्हती. त्याच वर्षी शरदात पाऊस आणि बर्फ यांमुळे पीक ओलेच काढावे लागले, वाळवणयंत्रे रात्रंदिवस चालली, आणि बिलावरच्या त्या वेगळ्या ओळीकडे बोट ठेवून एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, “धान्य ओले राहिले हा माझा गुन्हा आहे का?” पुढे शेतकऱ्यांना काही रक्कम परत मिळू लागली, तिचे नावही ‘टॅक्स क्रेडिट’च, म्हणजे तिथे मराठीत ‘परतावा’ म्हणावे लागेल.

आता मूळ वाक्याकडे येते. याच शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून नांगरट सोडून थेट पेरणी सुरू केली आणि जमीन वर्षभर पडीक ठेवण्याची जुनी रीत मोडली. शेजारच्या अल्बर्टात २००७ पासून विनानांगरणीसाठी क्रेडिट विकता येऊ लागले. पण अशा व्यवहारांचा सर्वसाधारण नियम असा की, पैसे मिळाल्यामुळे जे नव्याने घडले तेवढेच मोजायचे. ज्याने तीस वर्षांपूर्वी स्वतःहून नांगर बाजूला ठेवला, त्याचे काम ‘नवे’ ठरत नाही. म्हणून त्या वाक्यात दोन्ही अर्थ आहेत : खात्यावर रक्कमही हवी आणि आम्ही आधीच केले होते हे मान्यही व्हायला हवे. शब्दार्थी, तुमचा ‘श्रेय’ चुकलेला नव्हता.

शब्दार्थी :
मनापासून आभार. पण आता ‘कार्बन कर’ हाच शब्द संशयास्पद वाटू लागला आहे, कारण तुम्ही तो शब्द न वापरता ‘आकारणी’ लिहिले आहे.

प्रेअरीवरून :
ते जाणूनबुजून केले. सस्कॅचेवान सरकार या आकारणीच्या केंद्रीय कायद्याविरुद्ध न्यायालयात गेले होते आणि २५ मार्च २०२१ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवताना स्पष्ट केले की, ही आकारणी घटनेच्या अर्थाने कर नाही, नियमनासाठीचे शुल्क आहे. पैसा गोळा करणे हा तिचा मुख्य हेतू नसून इंधन कमी वापरले जावे हा होता. १ एप्रिल २०२५ पासून इंधनावरचा तो दर शून्य झाला, पण शेतकरी आजही त्याला करच म्हणतात.

कोशवाचक :
मग अनुवादात ‘शुल्क’च हवे. न्यायालयाने फरक केला असताना आपण तो पुसणे योग्य नव्हे. आपल्याकडेही २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये लावले गेले ते ‘उपकर’ म्हणून, आणि २०१६ पर्यंत ते ४०० झाले तरी नाव उपकरच राहिले.

रोजकीर्द :
वाक्य शेतकऱ्याचे आहे, न्यायाधीशाचे नाही. घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणारा माणूस कर आणि शुल्क यांत भेद करत बसत नाही. खिशातून गेले एवढे त्याला दिसते. बोलणाऱ्याच्या तोंडी ‘कर’ ठेवा आणि हवे तर लेखात अन्यत्र खुलासा करा.

कोशवाचक :
बोलणाऱ्याच्या तोंडी सगळेच सोडून दिले, तर अनुवादकाने करायचे काय?

काळी माती :
या वादात ‘जिरवणे’ मागे पडले म्हणून पुन्हा लिहितो. माझ्या एका स्नेह्यांनी कळवले की, ‘जिरवली’ म्हणजे एखाद्याची खोड मोडली असाही अर्थ होतो, म्हणून पत्रकात तो नको. मला तो आक्षेप मान्य नाही, पण दुसरा मान्य आहे. जिरलेले पाणी विहिरीला परत येते, आणि कर्बाचेही तसेच आहे. पाचट ठेवून चार वर्षांत वाढलेला कर्ब एकदा खोल नांगरट करून जमीन उन्हात तापवली की पुन्हा हवेत जाऊ लागतो. तेव्हा ‘जमा’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे की, असा कर्ब उडून गेला तर ती रक्कम कोणाच्या नावे मांडायची?