ऑफिसच्या मेल सर्व्हरवर कॅच-ऑल ठेवावा का?

लोअर_परळ: आमच्या 25-30 जणांच्या ऑफिसात पोस्टफिक्स-डोव्हकॉट आहे (पहिला मेल घेतो-पाठवतो, दुसरा खोका उघडून दाखवतो). डोमेनवर कुठल्याही नावाने आलेली मेल एकाच खोक्यात पडते, हाच कॅच-ऑल. तो खोका म्हणजे संध्याकाळची विरार फास्ट, आपलं माणूस आत आहे की नाही तेच कळत नाही. बंद करा. लेखा, भरती, तक्रार असे कामापुरते एलिअस, म्हणजे खऱ्या खोक्याकडे नेणारे जादा पत्ते, ठेवा. माणूस नोकरी सोडून गेला की फाइलमध्ये एक ओळ बदलायची, पोस्टमॅप (ती यादी पोस्टफिक्ससाठी तयार करणारी कमांड) चालवायचं, झालं.

गिरगावकर: बोलायला काय जातंय! आमचे ग्राहक पत्ता फोनवर ऐकून टाइप करतात. 'अकाउंट्स'मधला शेवटचा एस हमखास गळतो. मेल परत गेली की पार्टीला वाटतं, दुकान गुंडाळलं यांनी.

लोअर_परळ: मग एस नसलेलाही एलिअस टाका की! आणि दारातच 550 (कायमच्या नकाराचा कोड) देऊन नाकारली तर पाठवणाऱ्याला लगेच कळतं. खरा घात सीव्हमधला (मेल चाळायच्या नियमांची भाषा) 'डिस्कार्ड' करतो. मेल घेतली, गुपचूप फेकली, तो उत्तराची वाट बघतोय आणि आपल्याला पत्ताच नाही. संशय असेल तर 'फाइलइन्टू' वापरून जंकमध्ये टाका. आधी स्वीकारून मग बाउन्स (मेल परत पाठवणं) मात्र नकोच, स्पॅमवर ज्या बिचाऱ्याचा खोटा पत्ता असतो त्याच्या माथी ते बाउन्स जातात.

मुलुंड_अ‍ॅडमिन: दोघंही मुद्द्याला बगल देताय. साहेबांना मोबाइलवर हवं म्हणून एलिअस थेट जीमेलवर वळवलेला असतो, त्याचं काय? डोमेन पाठवणाऱ्याचं आणि आयपी आपला, तिथे एसपीएफ, म्हणजे हा आयपी त्या डोमेनतर्फे मेल पाठवू शकतो का ही तपासणी, आपटतं. एसआरएस लावलंत तर लिफाफ्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून आपल्या डोमेनचा होतो आणि एसपीएफ पास होतं, पण डीमार्क ही पुढची तपासणी वाचणाऱ्याला दिसणाऱ्या 'फ्रॉम'मधलं डोमेन बघतं, त्याला ते जुळत नाही. मग सगळी भिस्त डीकेआयएमच्या सहीवर, म्हणजे पाठवणाऱ्याच्या डोमेनने मेलवर केलेल्या डिजिटल सहीवर. तेवढ्यात कुणीतरी हौसेने विषयाच्या आधी 'ऑफिस' चिकटवतो आणि सही मोडते. वर, पुढे ढकललेलं स्पॅम आपल्याच आयपीच्या नावावर. वळवणं बंद करा, मोबाइलवरून ऑफिसचाच खोका उघडायला आयमॅप द्या.

गिरगावकर: आमच्या साहेबांना तुम्हीच सांगा. चहा माझ्याकडून.

कुर्ला_पश्चिम: प्रत्येक व्हेंडरला प्लसवाला पत्ता (आपलं नाव+व्हेंडरचं नाव) द्यावा, कोण पत्ता विकतो ते कळतं.

गिरगावकर: निम्मे फॉर्म प्लस घेतच नाहीत हो.

कुर्ला_पश्चिम: रेसिपियंट डिलिमिटरमध्ये, म्हणजे नाव आणि पुढचं शेपूट वेगळं करणारी चिन्हं ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, डॅश टाका. पोस्टफिक्स आधी पूर्ण पत्ता शोधतो, नाही मिळाला तरच शेपूट कापतो. डॅशवाले जुने पत्ते चालूच राहतात.

लोअर_परळ: हे पटलं. गिरगावकर, कॅच-ऑल काढाल तेव्हा पोस्टमास्टर आणि अब्यूज (मेलच्या अडचणी आणि स्पॅमच्या तक्रारी येणारे ठरलेले पत्ते) हे एलिअस आधी बनवा.

गिरगावकर: काढतोय कोण? मार्चएंड होऊ द्या, मग बघू.