वाईजवळचा वाडा: चुनेकाम आणि डागडुजी स्वतः शिकायची आहे

कृष्णाकाठी
वाईजवळ आमचा दोनचौकी वाडा आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर भेंड्याच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या विटा, सागवानी खांब-तुळया, माजघरावर कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत). काकांनी मागे ओल दिसते म्हणून पडवीच्या भिंतीला कमरेएवढा सिमेंटचा गिलावा करून घेतला. आता ओल त्याच्याही वर चढली आहे, लोणा (क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड) फुटलाय आणि विटेला बोट लावलं की भुगा पडतो. दोन ठेकेदार येऊन गेले. दोघांचं एकच, पाडा आणि स्लॅब टाका.

मला पाडायचा नाही. मी पुण्यात बँकेत आहे, शनिवार-रविवार गावी जाऊ शकते. सगळं काम मीच करेन असं नाही, पण गवंडी काय करतोय ते कळावं आणि दरवर्षीची बारीकसारीक डागडुजी माझ्या हातून व्हावी, एवढं तरी शिकायचं आहे. चुना पाण्यात कसा विरवतात, वाळूबरोबर कसा घोटतात हे सांगणारं गावात कुणी उरलं नाही. कोर्स करू की कारागिराच्या हाताखाली राहू?

चाफा
वारसा-जतनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या ठिकाणी आहेत, पण त्यांना आर्किटेक्चरची पदवी लागते. तुम्हाला ते नकोच. ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये मातीच्या बांधकामाची छोटी शिबिरं होतात, तिथे पदवी नसलेले लोकही जातात. वारसा-जतनाचं काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेकडेही विचारा, चुनेकाम जाणणारे कारागीर त्यांच्या ओळखीत असू शकतात. आणि पुण्यातला विश्रामबागवाडा (१८०७ चा) निवांत बघून या. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, वरचा सज्जा. तुमच्या जवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आहेच. लाकूड भिंतीत कुठे शिरतं, भार कुठून खाली येतो, हे अशा ठिकाणी उभं राहून कळतं.

ओळंबा
ताई, चुन्याच्या आधी पाणी बघा. पहिल्या दणक्याच्या पावसात छत्री घेऊन वाड्याभोवती फिरा. पागोळ्या जोत्याला लागून पडतात का? पन्हळ कुठे फुटली आहे? बाहेरचा रस्ता दरवेळी खडी-डांबर पडून जोत्याच्या वर आलाय का? आमच्याकडे निम्म्या वाड्यांचं दुखणं हेच निघतं. तिथे चर काढून पाणी लांब नेलं नाही, तर वर केलेलं कुठलंही काम टिकणार नाही.

आता तुमचा सिमेंटचा पट्टा. भेंड्याची वीट मऊ असते, पाणी पिते आणि सोडते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर पडू देतो. सिमेंट ती आत कोंडतं, मग ती वाट शोधत वर चढते. तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या तोंडाशी सुकतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि वीट फोडतात. तुमच्या हाताला लागतो तो भुगा हाच. तो पट्टा काढायचा, पण ब्रेकर लावू देऊ नका. छन्नी-हातोडीने हळूहळू काढा, आणि भिंत पूर्ण उन्हाळा उघडी राहू द्या.

मी ठेकेदारीत आलो तो सिमेंट शिकून. चुना शिकलो साताऱ्याकडच्या एका देवळाच्या कामावर, एका म्हाताऱ्या गवंडीमामांकडे. त्यांनी बरेच दिवस थापी हातात दिलीच नाही. नुसता घोटायला लावला. थापीवर घेतलेला माल थापी पालथी केली तरी चिकटून राहिला, की मगच भिंतीला लावायचा. ती चिकटी एकदा हाताला कळली की तराजू लागत नाही. म्हणून माझं मत, कोर्स जरूर करा, पण त्याआधी एखाद्या कामावर घोटायला उभ्या राहा.

कळीचा चुना (भट्टीतून आलेले, पाणी न लागलेले चुन्याचे खडे) विरवताना मात्र सांभाळा. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग कळी थोडीथोडी. उलटं करायचं नाही, कळीवर पाणी ओतलं की वाफेबरोबर चुना उडतो. पाणी खळाखळा उकळतं. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, शेजारी साध्या पाण्याच्या बादल्या, मुलं लांब. डोळ्यात गेलाच तर लगेच पाण्याने धूत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. विरलेला चुना गाळून पाण्याखाली महिनाभर तरी ठेवा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. गिलाव्याला एक भाग चुना, तीन भाग धुतलेली खरखरीत वाळू, ओलीच्या जागी थोडी सुरखी (भाजलेल्या विटेची पूड). भिंत आधी भिजवा, थर पातळ द्या आणि ओली गोणपाटं टांगून ठेवा. चुना हवेतून हळूहळू धरतो, उन्हाने घाईत सुकला तर तडकतो.

तुळयांची टोकं बघायला साधा पेचकस (स्क्रू-ड्रायव्हर) पुरे. भिंतीत शिरतं तिथे दाबा. मऊ लागून आत गेला तर कुजलंय. पण टोक कापून नवा साग जोडणं टेकू लावल्याशिवाय करायचं नसतं, तिथे जाणता सुतार आणि इंजिनिअर हवाच.

दिंडीदरवाजा
एक व्यवहाराची गोष्ट. कामाला हात लावण्याआधी सगळ्या भाऊबंदांची लेखी संमती घ्या आणि आतल्या-बाहेरच्या प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. वाडा नगरपालिकेच्या वारसा यादीत आहे का तेही विचारा. असला तर परवानगी लागेल.

कृष्णाकाठी
खूप आभार. ओळंबादादा, सिमेंट काढल्यावर वीट अर्धी झिजलेली निघाली तर?

ओळंबा
वरवर झिजली असेल तर राहू द्या, गिलाव्याखाली जाईल. खोल गेली असेल तर ती एकच वीट काढून पाडकामातली त्याच मापाची जुनी वीट बसवा, चुन्यातच. नवी भट्टीची वीट कडक असते, शेजारच्या मऊ विटांशी जमत नाही. एका वेळी थोड्याच काढायच्या, ओळीने नाही. चुनेकाम सगळं दिवाळीनंतर हाती घ्या, पावसात नको. तोवर पडवीच्या मागच्या कोपऱ्यातली हातभर भिंत सरावाला घ्या आणि तिचे फोटो इथे टाका, मी बघतो.