आत्मपरीक्षण नेमकं कसं करायचं? मदत हवी आहे

जय ख्रिस्त सगळ्यांना. गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी (येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेतो तेव्हा) भाकर हातात होती आणि पाळकांनी बायबलमधलं 1 करिंथ 11:28 वाचलं, माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, आणि मला एकदम भावाचा चेहरा आठवला, त्याच्याशी मी चार महिने बोललेले नाही. हात तिथेच थांबला. शेवटी खाल्लं, पण घशाखाली उतरेना.

तेव्हापासून रोज रात्री वही घेऊन बसते, आज कुठे खोटं बोलले, कोणाबद्दल मनात कडूपणा आला ते लिहिते, पण दोन पानं झाली की सगळं माझ्याभोवतीच फिरतंय असं वाटतं, प्रभू कुठे दिसतच नाही. स्तोत्र 139 च्या शेवटी दावीद देवालाच म्हणतो की तूच माझं मन तपासून बघ, म्हणजे तपासणारा तो, मी नाही, हे कळतं पण जमत नाही. प्रार्थना रोज होते, बायबल वाचन पण होतं, तरी प्रकटीकरणातल्या इफिसच्या मंडळीसारखं माझंही प्रभूवरचं पहिलं प्रेम सुटलंय की काय अशी भीती वाटते.

पवित्र आत्मा पापाची जाणीव करून देतो ती आणि नुसता दोषीपणा यातला फरक तुम्ही कसा ओळखता? आणि भावाला आधी फोन करू की आधी मन साफ होऊ देऊ? मत्तय 5:24 वाचून तर आधी समेटच करावा असं वाटतं. अनुभवातून सांगा प्लीज, आणि प्रार्थनेत आठवण ठेवा.