मदत हवी आहे: बाबांच्या जीवाश्मांच्या चिठ्ठ्या सुटल्या, कोणता दगड कुठला, हे पुन्हा कसं जुळवू?

वावरातली

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी नुसतीच वाचते, पण या वेळी जाणकारांची खरोखर गरज आहे.

माझे बाबा यवतमाळ जिल्ह्यात शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर वावर बघायचे. वखरणी झाली की वर आलेले गोटे सगळेच वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर टाकतात, तसे तेही टाकायचे; फक्त टाकण्याआधी प्रत्येक गोटा उलटसुलट करून बघायचे. त्यात त्यांना शंख दिसायला लागले. दगडातच मुरलेले, गोगलगायीचे असावेत असे. मग आजूबाजूच्या वावरांतूनही ते गोटे आणू लागले. प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची आणि दोनशे पानी वहीत नोंद करायची, हा त्यांचा नेम. एक नोंद जशीच्या तशी देते:

"क्र. २३. नाल्याकाठचा धुरा, मोठ्या मोहाच्या पूर्वेस ४० पावलं. पांढरट गारगोटी. शंख ३, पैकी १ पूर्ण."

सहा वर्षांपूर्वी एका कॉलेजने हे दगड प्रदर्शनासाठी मागून नेले. परत आले ते एका पोत्यात, स्वच्छ धुतलेले. चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात. ५८ दगड, ५८ चिठ्ठ्या, आणि कोणती कोणाची ते कुणालाच माहीत नाही. देणाऱ्याला वाटलं, धुऊन दिले म्हणजे चांगलं केलं. बाबा त्याला काही बोलले नाहीत. पण त्यानंतर वहीत एकही नोंद नाही. गेल्या आषाढात बाबा गेले.

आता घर आवरायला काढलंय. भाऊ म्हणतो, अंगणात तुळशीभोवती लावू. ओळखीतल्या एकाने विकत मागितले. मला दोन्ही नको आहे. हे नक्की काय आहे, कशावरून ओळखायचं, आणि चिठ्ठ्या पुन्हा जुळवता येतील का? त्यातला एखादा नव्या जातीचा असेल का, असंही मनात येतं. गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. दगड विकणारे लोक फिरत असतात.

जुनाखडक

ताई, आधी दोन गोष्टी. आता एकही दगड धुऊ नका, घासू नका. आणि चिठ्ठ्यांचं पाकीट जपून ठेवा. त्या निरुपयोगी झाल्या असं अजिबात समजू नका.

वर्णनावरून हे आंतरट्रॅपी थरातले शंख वाटतात. दख्खनचा लाव्हारस एका दमात वाहिला नाही. एक थर थंड झाला की मध्ये बराच काळ जायचा, त्यावर तळी साचायची, झाडं उगवायची, गोगलगायी राहायच्या. मग पुढचा लाव्हा त्यावर यायचा. दोन लाव्ह्यांमध्ये दबलेला तो तळ्याचा गाळ सिलिका मुरून कडक झाला. आपण त्याला गारगोटी म्हणतो, भूशास्त्रवाले चर्ट म्हणतात. काळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर संपले त्याच्या आगेमागे.

आता एक करून बघा. शंखाचं टोक वर धरा आणि तोंड तुमच्याकडे करा. तोंड डाव्या हाताला येतं की उजव्या? बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे येतं. डावीकडे येत असेल आणि शेवटचा वेढा फुगीर, पोटासारखा असेल, तर तो बहुधा फायसा प्रिन्सेपी. सोवर्बी या इंग्रज अभ्यासकाने १८४० मध्ये ठेवलेलं नाव. विदर्भात आणि छिंदवाड्याकडे आंतरट्रॅपी थर म्हटला की पहिल्यांदा हाच शंख आठवतो.

गोगलगाय

जुनाखडक यांना एक पुरवणी. हे नाव अजून पक्कं झालेलं नाही. फायसा ही आजही जिवंत असलेली प्रजाती आहे, आणि आपला क्रिटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातला शंख खरंच तिच्यातला की नुसता तिच्यासारखा डावखुरा, यावर वाद आहे. काही अभ्यासक आता त्याला प्लॅटिफायसा म्हणतात. मऊ शरीर शिल्लक नाही, डीएनए नाही. आहे तो शंखाचा आकार, वेढे आणि तोंडाची कड. जिवंत गोगलगाय असती तर आतले अवयव बघून निकाल लावता आला असता. म्हणून जीवाश्मांत एकाच थरातले, एकाच जागचे भरपूर नमुने लागतात. एका जातीत लहानमोठं किती असू शकतं, हे त्याशिवाय कळत नाही.

(मराठीत मी जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतोय. वर्तमानपत्रांत बरेचदा स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो.)

नव्या जातीचं विचारलंत. नवी जाती मांडताना एक नमुना नामधारक म्हणून जाहीर करावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कुणालाही शंका आली तर त्याच एका नमुन्याशी ताडून बघायचं. तो कुठल्या जागी, कुठल्या थरात मिळाला हे सांगणं आणि तो सार्वजनिक संग्रहात ठेवणं अपेक्षित असतं. म्हणजे तुमच्या पोत्यात अगदी अनोखा शंख असला, तरी जागा माहीत नसेल तर कुणीही जबाबदार माणूस त्यावर नवं नाव ठेवायला धजणार नाही. तुमच्या बाबांना हे पुरतं ठाऊक होतं असं ती नोंद वाचून वाटतं. "४० पावलं" असं उगाच कुणी लिहीत नाही.

जुनाखडक

नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांची आठवण झाली. मिशनरी होते, शाळा चालवायचे, आणि नागपूरजवळच्या टाकळीचे असेच जीवाश्म शंख जमवायचे. १८६० मध्ये त्यांनी त्यांतल्या नव्या जातींची वर्णनं लॅटिनमध्ये छापली. अभ्यासक आजही त्या जातींकडे परत वळतात, कारण कुठला नमुना कुठल्या गावचा हे लिहिलेलं आहे. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ ओढ्यात बुडून ते गेले. नागपूरच्या पाण्यात सापडलेल्या एका जिवंत सूक्ष्म प्राण्याला कार्टर या अभ्यासकाने १८५८ मध्ये त्यांच्यावरून हिस्लोपिया हे नाव दिलं होतं, ते अजून चालू आहे.

जुळवणीचं आता सांगतो. प्रत्येक दगडाचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, सगळ्या बाजूंनी. मग शंख विसरा आणि नुसता दगड बघा: रंग, भोकं, थरांच्या रेघा, कडेला चिकटलेला हिरवट गाळ किंवा काळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा दगड. जागोजागचा चर्ट वेगळा दिसतो. वहीतल्या वर्णनाशी ताडा. नंतर वहीतल्या प्रत्येक जागी जाऊन एकेक ताजा तुकडा आणा आणि तो शेजारी ठेवून बघा.

एक गोष्ट मात्र अगदी कडकपणे पाळा. तीन ढीग करा: खात्रीचे, बहुधा, आणि माहीत नाही. "बहुधा"ला कधीही "खात्री"त ढकलू नका. चुकीची चिठ्ठी कोऱ्या चिठ्ठीपेक्षा जास्त नुकसान करते, कारण पुढचा माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो.

नवाच

मी ऐकलंय की सौम्य ॲसिडमध्ये ठेवले की शंख मोकळे होतात. करून बघायला काय हरकत आहे?

गोगलगाय

कृपया नको. चर्टला ॲसिडने काही होत नाही, पण काही ठिकाणी शंख कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचा असतो. तो विरघळेल आणि हातात नुसती पोकळी येईल. हे काम प्रयोगशाळेत, नमुना बघूनच करतात.

वावरातली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आई झोपल्यावर ५८ दगड ओट्यावर मांडले. ४१ डावखुरे. ९ उजवे, त्यांतले काही अगदी बारीक, सुईसारखे लांबुडके. पाचांचं तोंड दगडात गाडलेलं. तिघांत शंखच नाही, लाकडाच्या ढलपीसारख्या रेघा आहेत. एका डावखुऱ्याचा वरचा टवका उडालाय. आत साखरेच्या दाण्यांसारखे स्फटिक चमकतात, आणि कवच जिथे उरलंय तिथे मधाच्या रंगाचं आहे. इतकी वर्षं हे घरात होतं आणि मी कधी हातात घेऊन पाहिलं नव्हतं.

आणि एक फार मोठी गोष्ट सापडली.

बऱ्याच दगडांच्या खालच्या बाजूला डाळीएवढा पांढरा ठिपका आहे. मी समजत होते चुन्याचा डाग. फोटो काढताना टॉर्च आडवा धरला, तर ठिपक्यात रेघा दिसल्या. सकाळी आईला विचारलं. ती म्हणाली, "पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून रंग उरला की ते दगड घेऊन बसायचे. ओला असताना दाभणानं काहीतरी कोरायचे." तो आकडा आहे! बाबांनी चिठ्ठीबरोबर दगडावरही क्रमांक घातला होता. शाईने लिहिला असता तर धुण्यात गेला असता. कोरलेला आहे म्हणून टिकला. ३१ दगडांवर आकडे स्पष्ट वाचता आले आणि वहीतल्या वर्णनाशी ते सगळे जुळले.

आता २७ उरले. काहींवर ठिपका आहे पण आकडा घासला गेलाय, काहींवर रंगच निघालाय. दुसरी अडचण अशी, की वहीत सगळी मापं पावलांत आहेत. माझं पाऊल आणि बाबांचं पाऊल सारखं नाही. यावर काही उपाय?

जुनाखडक

ताई, वाचून फार बरं वाटलं. संग्रहालयात हेच करतात, पांढरा ठिपका आणि त्यावर क्रमांक. बाबांनी घरातल्या वस्तूंत तेच साधलं.

पावलांसाठी: वहीत अशा दोन जागांमधलं अंतर शोधा, ज्या आजही हललेल्या नाहीत. टेपने मोजा आणि पावलांनी भागा.

सगळं झालं की दगड, चिठ्ठ्या आणि वही तिन्ही एकत्र द्या. वहीची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. नागपूर विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग तुम्हाला जवळचा. देताना यादीवर सही घ्या, आणि क्रमांक बदलले तर जुना क्रमांकही नोंदीत राहील असं लेखी मागा. ते मागणं तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

वावरातली

रविवारी भाऊ आला होता. तुळशीभोवती लावू म्हणणारा तोच, पण टेपचं एक टोक धरून भर उन्हात तीन तास माझ्याबरोबर फिरला. वहीत विहीर ते मोठा मोह ११० पावलं लिहिलीत. टेपने ७७ मीटर भरले. म्हणजे बाबांचं पाऊल ७० सेंटीमीटरचं.

मग मोहापासून पूर्वेला २८ मीटर मोजले. तिथे धुऱ्याच्या पोटात, घाणेरीच्या जाळीखाली पांढरट गारगोटीचा पट्टा आहे, जेमतेम वीतभर दिसतो. त्यातला खाली पडलेला एक तुकडा आणला आणि ठिपका गेलेल्या दगडांशेजारी ठेवला. एका दगडाचा रंग, बारीक भोकं आणि कडेचा हिरवा गाळ अगदी तसाच आहे. त्यात शंख ३, पैकी १ पूर्ण. वहीतल्या सगळ्या ५८ नोंदी पुन्हा वाचल्या. असं वर्णन दुसऱ्या कुठल्याही नोंदीचं नाही.

तरी तुम्ही सांगितलंत तसं त्याला "बहुधा"च्या ढिगात ठेवलंय. चिठ्ठीवर लिहिलं: क्र. २३, बहुधा. खाली तारीख आणि माझं नाव, म्हणजे हा अंदाज बाबांचा नाही, माझा आहे, हे पुढच्याला कळेल.

उरलेल्या जागा पुढच्या रविवारी.